आठवा पट्टा अर्धाच

नगररचना विभाग, तिसरा मजला, खिडकी क्रमांक चार.
मी चलन फाडते. अकरा वर्षं झाली.
वाघबीळचे टॉवर, ओवळ्याचे, कासारवडवलीचे
आधी माझ्या खिडकीतून जातात,
मग आभाळात.

प्रत्येक चलनावर खालून तिसरी ओळ असते:
पादचारी, सायकल व बसथांबा सुरक्षा निधी.
रक्कम अंकी. रक्कम अक्षरी.
अक्षरी लिहिताना हात सावकाश चालतो –
एकोणीस लाख बेचाळीस हजार सातशे फक्त.
त्या 'फक्त'पाशी मी दरवेळी अडखळते.

रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
माझा एक वेगळा हिशेब चालतो.
सव्विसावा मजला म्हणजे चाळीस हात पदपथ.
पोडियमवरचा पोहण्याचा तलाव म्हणजे एक बसथांबा,
छपरासकट, बाकासकट,
आणि बाकावर कुणी आडवं होऊ नये म्हणून
ठोकलेले लोखंडी दांडे नसलेला.
दोन बेडरूमचा फ्लॅट: झेब्राचे अडीच पट्टे.
याला शास्त्र काही नाही.
डबा खाल्ल्यावर सुचतं तसं लिहिते.

धनादेश घेऊन यायचा गिरिधर घाडगे,
कंपनीचा पोरगा, हेल्मेट कोपरात अडकवलेलं.
एकदा फायलीबरोबर माहितीपुस्तिका विसरून गेला.
गुळगुळीत कागद. इमारतीसमोर रुंद पदपथ,
बहाव्याची झाडं, सायकलवर एक बाई,
केस मोकळे, टोपलीत फुलं,
आणि एकही गाडी तिच्या अंगावर येत नाहीये.
ती बाई कापून मी टेबलाच्या काचेखाली ठेवली.

मी उतरते तिथं बस थांबते, पण थांबा नाही.
मेट्रोच्या पत्र्यांना पाठ घासत
आम्ही कडेकडेनं सरकतो,
डंपरचा वारा ओढणी ओढत जातो.
पलीकडे जायचं तर आधी एकानं पाऊल टाकायचं,
त्याच्या आडोशानं बाकीच्यांनी.
पहिलं पाऊल बहुतेक भागीरथी म्हात्रेंचं,
पाच घरच्या पोळ्या त्यांच्याकडे, उशीर चालत नाही.
हात वर करायच्या,
वर्गात उत्तर येत असल्यासारखा.

फेब्रुवारीत तो हात मोडला.
रिक्षाचा आरसा. मनगट.
थोडक्यात निभावलं, सगळे म्हणाले,
त्याही म्हणाल्या.

त्या दिवशी मी निधीची शिल्लक पाहिली.
पाहायला बंदी नाही, कुणी पाहत नाही इतकंच.
आकडा एका रकान्यात मावत नव्हता.
शेजारी शेरा: अखर्चित. पुढे ओढले.
मागल्या वर्षी तोच शेरा, त्यामागल्याही,
अक्षर तेवढं वेगळं.
सहा वर्षांपूर्वीचं अक्षर माझं होतं.

मग एका मंगळवारी सकाळी रस्त्यावर पट्टे होते.
पांढरे. वाकडे. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.
टॉवरच्या कुंपणाचा रंग, लगेच ओळखू आला.
रात्रपाळीच्या वॉचमनच्या बुटांवरही तोच.
त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
भागीरथीबाई प्लास्टरसकट मध्ये जाऊन उभ्या राहिल्या
आणि पाण्याचा टँकर थांबला.
म्हणजे खरंच थांबला,
आतलं पाणी थोडा वेळ हिंदकळत राहिलं,
ड्रायव्हर आपल्याच पायाकडे बघत होता.

महिन्याभरात विचारणा आली, जावक क्रमांकासह:
सदर पट्टे कोणत्या लेखाशीर्षातून रंगविले,
खुलासा सात दिवसांत सादर करावा.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला.
"तुम्हीच लिहा. तुमच्याच वाटेवरचं आहे."

मी लिहिलं:
प्रत्यक्ष पाहणी केली असता पट्टे एकूण सात.
आठवा अर्धाच आहे, रंग संपला असावा.
लेखाशीर्ष आढळून आले नाही.
उरलेल्या अर्ध्या पट्ट्यासाठी
निधी उपलब्ध आहे.

खाली रक्कम अक्षरी लिहिली.
एक ओळ पुरली नाही, दुसऱ्या ओळीत गेली.
'फक्त' मी लिहिलं नाही.